दुसऱ्याचा रिपोर्ट

वडिलांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा तो सर्वांत शेवटी वाचला तो वडिलांनीच. त्याआधी आईने त्याचा फोटो काढून मला पाठवला होता, मी तो औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मावसभावाकडे धाडला होता, आणि नाशिकच्या आत्याकडे तो कसा पोहोचला याचा उलगडा अजून झालेला नाही. ‘तीन महिन्यांची साखर’ ८.१ होती. साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा हिशेब तीन महिन्यांचा, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. हे सारे मी त्याच रात्री वाचून काढले. स्वतःच्या पाठदुखीबद्दल दोन वर्षांत एक ओळही न वाचलेला मी वडिलांच्या एका आकड्यापायी दीड वाजेपर्यंत जागा होतो. त्यात माया किती आणि भीती किती, हे निवडून काढणे मला जमलेले नाही.

आत्याने मेथीदाणे भिजवून घ्यायला सांगितले, तर शेजारच्या काकांनी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. आईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही म्हणून फळीवर ठेवली, तरी मला काकांना हसवेना. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, तसे सल्ल्यावाचूनही जाऊ नये, असा आपल्याकडे जणू रिवाजच आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी ‘काय त्रास होतो?’ असे वडिलांना विचारले आणि उत्तर आईने दिले, “यांना रात्री चारदा उठावं लागतं.” “दोनदा,” वडिलांनी दुरुस्ती केली. मग मी फोनमधली यादी उघडली. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, तळपायांच्या मुंग्या असे अकरा प्रश्न होते आणि डॉक्टरांनी प्रत्येकाचे शांतपणे उत्तर दिले. त्या अकरांपैकी एकही प्रश्न वडिलांचा नव्हता, हे मात्र आम्ही उठू लागलो तेव्हा, ते खुर्चीतून न हलता बोलले त्यावरून माझ्या लक्षात आले.

“हापूस चालेल का?”

“जेवणावर नको. मधल्या वेळी अर्धा खा, रोज नको,” डॉक्टर म्हणाले. वडिलांचा चेहरा त्या दिवसात प्रथमच मोकळा झाला.

आईने ही बातमी वाटेतच मावशीला कळवली, मावशीने मावसभावाला. संध्याकाळी आत्याचा फोन आला, तेव्हा नाशिकला ‘आंबा कायमचा बंद’ असे पोहोचले होते आणि ती रडवेली झाली होती.