तुटलेलं नेटवर्क जोडताना

आज दिवसभर सेन्सर नेटवर्कचा एकच नकाशा समोर होता. तीन तुकडे झालेत. प्रत्येक तुकड्यातले नोड (बॅटरीवर चालणारी छोटी सेन्सर यंत्रं) आपापसात मजेत बोलतायत, पण दोन तुकड्यांचा डेटा बेस स्टेशनपर्यंत, म्हणजे सगळा डेटा जमा होतो तिथपर्यंत, पोचतच नाही.

आधी मरतात ते बहुधा बेस स्टेशनजवळचेच नोड. सगळ्यांचा डेटा त्यांच्यामार्फत जातो, म्हणून बॅटरीही त्यांचीच आधी संपते. घाव नेमका वर्मावर!

उपाय ऐकायला सोपा: मध्ये रिले नोड, म्हणजे निरोप पुढे पोचवणारे नोड, ठेवा. पण कमीत कमी किती, आणि कुठे? हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढायची रीत कुणालाच माहीत नाही, हे संशोधक लिन आणि श्वे यांनी १९९९ मध्येच दाखवलंय. त्यामुळे अचूक उत्तराचा नाद सोडला आणि तिन्ही तुकड्यांच्या मधोमध एखादी सोयीची जागा सापडते का ते बघत बसलो. सापडली. एक रिले वाचला (आनंद विचारू नका).

फिरत्या वाहनाने डेटा गोळा करायचा पर्यायही होता. रिले कमी लागतात, पण डेटा उशिरा येतो. तापमानाच्या नोंदींना चालेल, आगीच्या इशाऱ्याला अजिबात नाही.

आता सगळ्या तुकड्यांचं रेडिओ चॅनेल एक करायचं आणि घड्याळं जुळवायची. तुटल्यापासून प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळीच चाललीये.