एक मे रोजी घराबाहेर दूध जात नाही

आयर्लंडमधल्या आमच्या पहिल्या महाराष्ट्र दिनाची गोष्ट. दोन कुटुंबं जेवायला यायची होती, शेवयांची खीर करायला घेतली आणि दूध कमी पडलं. आम्ही राहतो क्लेअर काउंटीत, एनिसच्या थोडं बाहेर. दुकानात जायचं तर गाडी काढावी लागते. म्हणून पातेलं घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. त्यांच्या घरी दुभत्या गायी आहेत. आजींनी पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज नाही गं देता येणार. उद्या ये, हवं तेवढं ने." मग हाताला धरून आत नेलं, चहा केला आणि माझ्या कपात सढळ हाताने दूध ओतलं. घरात बसून कितीही पी, उंबऱ्याबाहेर मात्र थेंब जाणार नाही.

मला राग आला नाही. माझी आजीसुद्धा दिवेलागणीनंतर कुणाला विरजण देत नसे, मीठही नाही. एवढ्या लांब येऊन तिचाच नियम दुसऱ्या आजीच्या तोंडून ऐकताना पोटात काहीतरी हललं.

एक मे म्हणजे इथला ब्याल्तिना, उन्हाळ्याचा पहिला दिवस. या दिवशी दूध किंवा चुलीतला विस्तव दुसऱ्याला दिला, की त्याबरोबर वर्षभराच्या लोण्याची बरकतही जाते, अशी समजूत. आदल्या संध्याकाळी उंबऱ्यावर आणि गोठ्याच्या दारात प्रिमरोजची पिवळी फुलं टाकायची रीत होती. आजींनी ती अजून सोडलेली नाही.

जुनं आयरिश वर्ष अशा चार दिवसांवर फिरतं. एक फेब्रुवारीला इम्बोल्क, वसंत सुरू. एक ऑगस्टला लूनसा, सुगीची सुरुवात. आणि एक नोव्हेंबरला साउइन, हिवाळा. मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरची आयरिश भाषेतली नावंच मुळी या सणांची आहेत. फेब्रुवारीत कसला वसंत, असं मला आधी वाटायचं. हात गारठून जातात. पण तेव्हा मेंढ्या विऊ लागतात, दिवस डोळ्यांना कळेल इतका लांबतो. तो संत ब्रिजिडचा दिवस. आदल्या रात्री घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात. ब्रिजिड जाताजाता त्याला हात लावते आणि मग तो वर्षभर दुखण्याखुपण्याला कामी येतो. पाणथळीतल्या लव्हाळ्यांचे क्रूस विणून दाराला लावतात. 2023 पासून ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही मिळते. साउइनची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्या रात्रीचे कोरलेले भोपळे अमेरिकेतून आले. इथे पूर्वी सलगम कोरून दिवा करत.

या सांध्याच्या दिवसांत 'ते' बाहेर पडतात. 'ते' कोण, हे समजायला मला वेळ लागला. आपण परी म्हटलं की पंख आणि छडी डोळ्यांपुढे येते. इथले ते तसे नाहीत. आयरिशमध्ये 'शी' म्हणजे टेकाड, आणि हे टेकाडातले लोक. पुराणकथा सांगते की तुआहा दे दानन नावाचे जुने धनी लढाईत हरले आणि जमिनीखाली राहायला गेले. माणसाएवढेच, मानी, लगेच दुखावणारे. म्हणून त्यांचं नाव घेत नाहीत. 'गुड पीपल' म्हणतात, किंवा नुसतं 'दि अदर क्राउड'. आपल्या गावाकडे रात्री सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणतात, रोगाला 'देवी' म्हणत, तसंच.

त्यांची वस्ती शेतातल्या गोल बांधांमध्ये. हे बांध म्हणजे खरं तर हजारएक वर्षांपूर्वीच्या, काही त्याहूनही जुन्या शेतकरी घरांची मातीची कुंपणं. देशभर असे हजारो टिकून आहेत, आणि त्यात कायद्याइतकाच वाटा 'त्यांच्या' धाकाचा आहे, असं मला ठाम वाटतं. नांगर आत घालायला कुणी धजावत नसे.

तोच मान एकट्या उभ्या हॉथॉर्नला. क्लेअरमध्ये त्याला 'श्क्याख' म्हणतात. काटेरी, वाऱ्याने एका अंगाला कललेलं, मेमध्ये पांढऱ्या फुलांनी भरून जाणारं झाड. चहा पिताना आजींनी खिडकीतून त्यांच्या शेतातलं श्क्याख दाखवलं. म्हणाल्या, "थोड्या दिवसांत फुलेल. मोहात पडून फांदी घरात आणू नकोस. घरात मरण येतं." नंतर मी मुद्दाम फुलांजवळ नाक नेलं. गोडसर वासाखाली एक कुबट, सडका वास आहे. त्या फुलांत ट्रायमिथाइलअमीन असतं, आणि मेलेलं शरीर कुजू लागलं की तेच तयार होतं. पूर्वी प्रेत घरातच ठेवत, त्या बायकांच्या नाकाने हे केव्हाच ओळखलं असणार.

माझ्या ऑफिसच्या वाटेवर लाटून नावाच्या जागी असंच एक झाड आहे. 1999 मध्ये नवा रस्ता त्याच्यावरून जाणार होता. एडी लेनिहन हे कथेकरी, मूळचे केरी काउंटीचे, त्याच्यासाठी उभे राहिले. त्यांनी सांगितलं की केरीचे 'ते लोक' कॉनक्ट प्रांतातल्या 'त्या लोकांशी' लढायला निघाले की इथे जमतात; झाड तोडलंत तर या रस्त्यावर अपघात होतील. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला आणि झाड राखून रस्ता झाला. 2002 मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. नुसतं खोड उरलं होतं, त्याला पुन्हा पालवी फुटली. रोज जाताना मी त्या बाजूला एक नजर टाकते.

सगळंच गोड नाही, हेही लिहायला हवं. 1895 मध्ये टिपरेरी काउंटीत ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. ही आपली बायको नव्हेच, 'त्यांनी' तिला नेऊन दुसरीच ठेवली, असं नवऱ्याच्या मनाने घेतलं आणि त्याने तिला जाळलं. झाडाला राखणारी भीती बाईला जाळूही शकते. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

इतक्या गोष्टी टिकल्या त्या शाळकरी मुलांमुळे. 1937 ते 1939 या काळात लोककथा आयोगाने सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांना घरी पाठवलं: आजी-आजोबांना विचारा आणि वहीत उतरवून आणा. त्या वह्या आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. हिवाळ्यात इथे साडेचारच्या सुमारासच अंधार पडतो, तेव्हा मी त्या उघडून बसते. मुलांचं वळणदार अक्षर, मध्येच शाईचा डाग. एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते: ओळखीच्याच शेतात पाय विशिष्ट ढेकळावर पडतो आणि माणूस रात्रभर फिरत राहतो, फाटक सापडतच नाही. उपाय एकच, कोट उलटा करून घालायचा. वाचताना मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर चकवा!"

परवा आजींच्या मुलाने सायलेजसाठी, म्हणजे मुरघासासाठी, गवत कापलं. यंत्र श्क्याखपाशी आलं की वळसा घेत होतं. संध्याकाळी सगळं शेत बोडकं झालं होतं, फक्त झाडाभोवती कमरेएवढ्या गवताचं कडं उभं होतं. मी कुंपणाशी उभं राहून त्याला विचारलं, एवढं सोडून का देतोस? तो म्हणाला, "बाबांनी कधी कापलं नाही." आणि ट्रॅक्टर घेऊन घराकडे गेला.