फ्लूच्या तापात हृदयाकडे लक्ष असू द्या

फ्लू किंवा कोविड झाला की घरच्यांची नजर खोकल्यावर आणि ऑक्सिजनच्या आकड्यावर असते. ज्यांना आधीच हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांच्या हृदयावरही तितकीच नजर हवी, विशेषतः पहिल्या आठवड्यात. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू नक्की झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहापट होतं. पुढे ते तसं राहिलं नाही.

असं का होतं? ताप एक अंश सेल्सिअस चढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं आणि नाडी वाढली की नेमका तोच वेळ कमी होतो. त्यात फुप्फुसं सुजल्यामुळे रक्तातला ऑक्सिजनही घटलेला. धमनी आधीच अरुंद असेल तर स्नायू उपाशी राहतो. दुसरं म्हणजे, शरीरभर पेटलेल्या दाहामुळे धमनीतला चरबीचा थर फुटून तिथे गुठळी बसू शकते. तिसरा प्रकार मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचीच सूज. ही क्वचित होते, पण धडधाकट तरुणांनाही होते.

या तिन्हींत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढतं, म्हणून एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. एक ते तीन तासांनी तपासणी पुन्हा करतात. आकडा चढता किंवा उतरता असेल तर इजा ताजी. जवळपास तेवढाच राहिला तर किडनीचा किंवा हृदयाचा जुना आजार असण्याची शक्यता जास्त. छातीत दुखत असेल तर रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी तो थांबवून ठेवायचा नाही. मधुमेही आणि वयस्कर रुग्णांना छातीत दुखेलच असं नाही. दरदरून घाम, मळमळ, अचानक धाप, आडवं झाल्यावर वाढणारा आणि उठून बसल्यावर कमी होणारा दम, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

घरी सर्वाधिक गडबड गोळ्यांची होते. अॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र उलट्या-जुलाब होत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर लघवीच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. तापासाठी पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा असर कमी करतात, म्हणून हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा) रुग्णाने ती टाळावीत. पॅरासिटामॉलची पाण्यात फसफसणारी गोळीही त्याच्यासाठी नको. तिच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलीग्रॅम सोडियम असतं. सर्दीच्या तयार गोळ्यांचं वेष्टन उलटून बघा. त्यावर फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा. ही औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात.

अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही, तरी सर्रास घेतलं जातं. ते ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोक्याचा विद्युत-संदेश सुरू होऊन स्नायू पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ, लांबवतं. जोडीला उलट्यांसाठी ओंडान्सेट्रॉन, आणि जुलाब व लघवीच्या गोळ्यांमुळे घटलेलं पोटॅशियम, असं सगळं एकत्र आलं की ठोक्यांची जीवघेणी अनियमितता सुरू होऊ शकते. क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर अशी औषधं थांबवावी लागतात. रक्तातलं पोटॅशियम ४ mEq/L च्या आणि मॅग्नेशियम २ mg/dL च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात.

हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी साठलेलं आहे असं समजून फोन करा.

मायोकार्डायटिस झालेल्याने बरं वाटलं म्हणून धावायला लागू नये. जोराचा व्यायाम आणि खेळ सहसा तीन ते सहा महिने बंद ठेवतात. सूज पूर्ण उतरलेली नसताना जोर पडला तर ठोके बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रोपोनिन, होल्टर (दिवसभर लावून ठेवायचा ईसीजी) आणि ट्रेडमिल तपासणी ठीक आल्यावरच, तेही चालण्यापासून, सुरुवात करावी.