‘कायपो छे’ ओरडलास तर गुण गेला

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन कधी घ्यायचं हे मुलांच्या बोटांवर ठरायचं. 14 जानेवारीला उत्तरायण, 15ला वासी, म्हणजे शिळं, उत्तरायण. ते दोन दिवस बडोद्यात खाली घरात चिटपाखरू नसतं, सगळं गाव गच्चीवर, पतंग उडवत. त्यानंतर मुलं आखाड्यात यायची ती बोटांना चिकटपट्ट्या लावून. मांजाने कापलेल्या बोटाने गदगा, फरीगदग्याच्या खेळातली छडी, धरवत नाही, मूठ आवळली की जखम उलते. तेव्हा बोटं भरून येईस्तोवर थांबायचं आणि महिनाअखेरीचा रविवार पकडायचा, असा अलिखित ठरावच होता. एका वर्षी नव्या कार्यकारिणीने उत्साहाच्या भरात संक्रांतीला लागूनच संमेलन ठेवलं, तर फरीगदग्याच्या निम्म्या जोड्या मैदानात उतरल्याच नाहीत.

मंडळ तसं लहान. दांडिया बाजाराच्या पाठीमागच्या गल्लीत एक पटांगण, एक मल्लखांब, हत्यारांची खोली आणि पत्र्याची शेड, एवढाच पसारा. मोठं घराणं जवळच, जुम्मादादांचा आखाडा, 1880 सालचा. आमच्या वस्तादांचे वडील तिथे माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे वस्ताद स्वतःला त्याच घरचे मानायचे. जुम्मादादा मुसलमान, माणिकराव हिंदू. शिष्याने एवढं नाव काढलं तरी आखाडा ओळखला गेला तो गुरूच्याच नावाने, ही गोष्ट वस्ताद प्रत्येक संमेलनात सांगायचे. आम्हाला ती पाठ होती तरी ऐकायचो. मग माणिकराव मोडलेली हाडं कशी बसवत, पुराणी बंधू त्यांच्याकडे शिकून गेले आणि गुजरातेत गावोगाव आखाड्यांचं वारं कसं पोचलं, हेही ओघाने यायचं. माणिकराव 1954 साली गेले. वस्ताद तेव्हा शाळकरी होते, पण बोलायचे असे की जणू काल संध्याकाळी गुरुजींशी गप्पा मारून आलेत.

संमेलनाच्या आधीचा आठवडा हत्यारांची खोली दिवसभर उघडी असे. फऱ्यांना तेल लावणं हे आम्हा मुलींचं काम. फरी म्हणजे वीतभर व्यासाची चामड्याची ढाल, आणि गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली छडी. एरंडेल कमी पडलं तर चामडं तडकतं, जास्त झालं तर हातातून सटकतं. याचा अंदाज फक्त वस्तादकाकूंना. त्या एकेक फरी नाकाशी नेऊन वास घ्यायच्या, अंगठ्याने कड दाबून बघायच्या आणि ‘‘हिला अजून पाज गं’’ म्हणून आमच्या पुढ्यात परत टाकायच्या. पाच-सहा फऱ्या झाल्या की हात असे माखायचे की त्या आठवड्यात खाल्लेल्या तिळगुळालासुद्धा एरंडेलाचा वास यायचा.

दुपारी लेझीम, मग मल्लखांब, बोथाटी म्हणजे बोथट भाल्याचा खेळ, आणि ऊन उतरलं की फरीगदगा. गदग्याला खडूची पूड चोळून जोडी सोडायचे. काळ्या गंजीवर पांढरा पट्टा उमटला की गुण. शीर, तमाचा, बाहेरा हे मार ओळखू यायचे, पण हूल देऊन कोणी मनगट गाठलं की बघणाऱ्यांत दोन तट पडत. पंच एकच, वस्ताद, आणि त्यांचा नातूही खेळायचा. वस्ताद नातवाला गुण द्यायला उलट कचरायचे, त्यामुळे त्या पोरावर खरं तर अन्यायच व्हायचा. पण हे पटवून कोणाला देणार? वाद फारच पेटला तर चिटणीसकाका कपाट उघडून व्यायाम ज्ञानकोशाचा एक जाडजूड खंड काढत. मुजुमदारांनी संपादलेला हा 10 खंडांचा कोश निघाला तो बडोद्यातच, म्हणून त्याचा शब्द आमच्याकडे शेवटचा. काका पान सापडेपर्यंत दोन्ही बाजू थंड झालेल्या असत, हा त्या खंडाचा खरा उपयोग.

आणि मार लागला रे लागला की मारणारा दोन्ही हात वर करून ओरडायचा, ‘‘कायपो छे!’’ पाठोपाठ सगळी शेड. दुसऱ्याचा पतंग कापला की गच्चीवर मारतात ती ही गुजराती आरोळी. उत्तरायण अजून अंगातून उतरलेलं नसायचं ना.

रात्री जेवणाआधी चिटणीसकाकांचा अहवाल. मी संमेलनाला जात असे ती यासाठी. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडीच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात वाचायचे. क्रम ठरलेला: आधी वर्षभरात गेलेली माणसं, मग स्पर्धांचे निकाल, मग बारसी-लग्नं-परीक्षा, मग कोणी घर बदललं ते, आणि शेवटी जमाखर्च. निकाल वाचताना हरलेल्याचं नाव आधी, जिंकलेल्याचं नंतर. ‘‘कुमार गट, अंतिम जोडी: अमुक यांनी शर्थ केली, तमुक विजयी.’’ त्याच सुरात पुढे, कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रावपुऱ्यातलं कोणाचं घर विकून मंडळी मांजलपूरला राहायला गेली, कोणाची मुलगी सीए झाली. एका कागदावर हे सगळं येतं म्हणून तर त्याला मंडळ म्हणायचं, असं माझं मत आहे. नुसते निकाल फळ्यावर लिहूनही भागलं असतं.

या अहवालात जपान कसं शिरलं, ते सांगते. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त नागोयाला गेला. मंडळात तो सुमार खेळायचा, पण तिकडे जाऊन त्याने केंडोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीचा, क्लब धरला. एका जानेवारीत तो नेमका संमेलनाला आला तो लांबलचक पिशवी खांद्याला लावून. पिशवीतून निघाली शिनाई, बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने एकत्र बांधलेली तलवार. मोठ्या पुरुषांसाठी ती 120 सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही आणि 510 ग्रॅमपेक्षा हलकी चालत नाही. वस्तादांनी ती हातात घेऊन तोलली, गाठी बघितल्या, काकूंकडे दिली. काकूंनी सवयीने वास घेतला.

मग त्याने चिलखत घातलं. लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीला दोऱ्यांनी बांधलेलं कवच, हातात जाड मोजे, कमरेला पदर. शेडमधली पोरं हसायची थांबली. मार फक्त चार ठिकाणी, डोकं, मनगट, बरगडी आणि गळ्यावर खुपसणं. मारताना ओरडायचं, आणि तेसुद्धा पोटातून. त्याची पहिली आरोळी ऐकून शेजारच्या वाड्यातल्या बायका खिडकीत आल्या. आवाज, पाऊल आणि शिनाई तिन्ही एकाच क्षणी पडली नाहीत तर मार लागूनही गुण नाही, असं त्याने सांगितलं. पंच तीन, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक पांढरं निशाण. दोघांनी एकच रंग वर केला तर गुण पक्का. सामना पाच मिनिटांचा, दोन गुण ज्याचे आधी झाले तो जिंकला.

‘‘आणि गुण मिळाल्यावर हात वर करून नाचलं, तर?’’ वस्तादांच्या नातवाने विचारलं.

‘‘तर पंच तो गुण काढून घेतात. मारल्यानंतरही समोरच्यावर नजर ठेवून सावध उभं राहायचं असतं. आनंद झाला म्हणजे लक्ष सुटलं.’’

वस्ताद एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नाहीत. जागच्या जागी ठराव, पुढल्या वर्षापासून ‘कायपो छे’ ओरडलास तर गुण गेला. पोरांनी बराच आरडाओरडा केला, त्यात ‘हे जपान नाही’पासून ‘मग उत्तरायणही बंद करा’पर्यंत सगळं होतं. पण ठराव टिकला. पुढच्या संमेलनात तीन पंच बसले, हातात लाल आणि पांढरे रुमाल. वस्ताद त्या तिघांत नव्हते. ते खुर्चीवर बसून शेंगा खात होते, आणि नातू त्या वर्षी पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला.

तिकडे बायकाही पुरुषांबरोबर एकाच दालनात सराव करतात, हे आतेभावाने जाता जाता सांगितलं आणि आम्ही ते बरोबर उचललं. फऱ्यांना तेल आम्ही पाजायचं आणि खेळायचं मुलांनी, हे किती वर्षं चालणार? मुलींच्या जोड्या सुरू झाल्या. पहिल्याच वर्षी चिटणीसकाकांची मुलगी अंतिम जोडीत हरली. रात्री काकांनी तिचं नाव आधी वाचलं, ‘‘यांनी शर्थ केली’’ म्हटलं आणि सूर तसूभर बदलला नाही. ती मात्र जेवायला बसली नाही, ताट घेऊन वाढपात गेली.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी आणि शेजारी उंधियू. उंधियूत गूळ किती, यावर दक्षिणी, म्हणजे आम्हा मराठी, घरांचं आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांचं एकमत झालेलं नाही आणि होऊ नये, कारण दोन पातेली होतात.

आतेभाऊ परत गेला, पण दर डिसेंबरात त्याची बातमी अहवालासाठी येऊ लागली. तिकडेही जानेवारीतच भल्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, सलग काही दिवस सराव चालतो. नव्या वर्षाच्या समारंभात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड, गरम सूप तांदळाच्या चिकट गोळ्यांसकट देतात. काका हेही वाचायचे. निकालांत तर हमखास: ‘‘नागोया, क्लबांतर्गत स्पर्धा: आमचे सभासद पहिल्या फेरीत पराभूत. प्रतिस्पर्धी निवृत्त शिक्षक, वय 68.’’ टाळ्या पडायच्या. 68 वर्षांच्या त्या मास्तरांना आमच्या शेडमध्ये मोठा मान होता. वस्ताद विचारायचे, ‘‘यंदा मास्तर खेळले का?’’

पुढे वस्तादांचं नाव अहवालाच्या पहिल्या भागात आलं, मग चिटणीसकाकांचं. आता काकांची मुलगी वाचते. तिचा सूर काकांपेक्षा घाईचा आहे आणि जमाखर्चात ती अडखळते, पण क्रम तोच, आणि हरलेल्याचं नाव आधी. यंदा मुलींच्या गटात वाघोडिया रोडवरच्या दोघी बहिणीच अंतिम जोडीत आल्या, तेव्हा त्यांच्या आईला कोणत्या नावाला टाळ्या वाजवाव्यात ते कळेना. मग नागोया. मास्तर यंदाही खेळले, यंदाही जिंकले. ‘‘आणि आपले सभासद केंडोतल्या तिसऱ्या ‘दान’ श्रेणीच्या परीक्षेत उत्तीर्ण.’’

मागच्या रांगेतून एका आजींनी विचारलं, ‘‘ते झालं गं, पण त्याच्या लग्नाचं काय?’’

तिने कागदावरून मान वर न करता सांगितलं, ‘‘थांबा आजी, ते पुढच्या पानावर आहे.’’