चंदा

आमच्या घराचा सोपा कर्नाटकात आणि परडं महाराष्ट्रात. म्हणजे सातबारा उतारा तसं म्हणत नाही, मोबाइल म्हणतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आमचं गाव, फणसाच्या पलीकडं चंदगड तालुका. परड्यात गेलं की इकडचा टॉवर घराआड जातो आणि फोन पलीकडचा धरतो. इनकमिंगलाही रोमिंगचे पैसे पडायचे त्या दिवसांत आई ओरडायची, "आत येऊन बोल की, तिथं पैसे पडत्यात!"

आणि विहिरीकडच्या खोलगटात तर दोन्ही राज्यं आम्हाला सोडून देतात.

कारण साधं आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३३ सेंटीमीटर, शाळेतल्या पट्टीपेक्षा दोन बोटं लांब. मधे टेकाड आलं की तिचं फारसं काही चालत नाही. आप्पांच्या रेडिओवर लागायचं ते सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर, त्याची लहर २४० मीटरची. तिला आमचं टेकाड म्हणजे उंबरा.

तो रेडिओ आप्पा संध्याकाळी कोनाड्यातून काढून पाटावर ठेवायचे आणि जात्यासारखा हळूहळू फिरवायचे. लहानपणी मला तो देवधर्मातलाच प्रकार वाटे. पुढं एकदा तो उघडला तेव्हा कळलं. आत पेन्सिलीएवढी काळी कांडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. कांडी केंद्राला आडवी धरली की आवाज खणखणीत, टोक त्या दिशेला केलं की गुल. आप्पांनी रोजची कटकट नको म्हणून पाटावर खडूनं दोन खुणा केल्या होत्या, एक सांगलीची, एक धारवाडची. शेतीचं ऐकायचं ते सांगलीवर. पण खडू पुन्हा पुन्हा गिरवलेला दिसायचा तो धारवाडच्या खुणेवर. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की आईनं फोडणीसुद्धा थांबवायची, असा दंडक होता. आप्पांना कन्नड बाजारापुरतंच येई.

रात्री मात्र खुणांचा उपयोग नसे, भलभलती स्टेशनं मधे घुसायची. दिवसा उन्हामुळं आकाशात एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी पिऊन टाकतो. अंधार पडला की तो विरतो, मग लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. आप्पांचं स्पष्टीकरण याहून आटोपशीर होतं. "रात्रीचं सगळीच फिराय निघत्यात."

आता रेडिओ माळ्यावर आहे. राहिला फोन. कोल्हापूरची ताई नेमकी मी विहिरीवर असतानाच फोन करते, आणि माझं सिम कर्नाटकातलं, त्यामुळं तिला ती कन्नड बाई भेटते. 'चंदादाररु' संपर्काच्या बाहेर आहेत, असं काहीतरी सांगते. चंदादार म्हणजे वर्गणीदार, म्हणजे मीच. पण ताईला पहिल्यांदा ऐकू आलं ते 'चंदा, दारू'. घाबरून तिनं शेजारी फोन लावला होता, भाऊ कुठं बसलाय बघा जरा म्हणून.

काल पंप दुरुस्त करून वर आलो तर तीन मिस्ड कॉल. लावला.

"जेवलास काय?" ताई म्हणाली. "मी आपली चंदाशी बोलत बसलेली. तिला म्हटलं, मोटर बिघडली असणार बघ."