रुमालाची गाठ

काल देव घासायला घेतले आणि देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीमागे तो रुमाल सापडला. निळी किनार, एका टोकाला गाठ, आत रुपया. हा कशाला बांधून ठेवला असेल? हातात धरून उभी राहिले. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय ते आठवलं, इस्त्रीचे कपडे आठवले, हे मात्र आठवेना. आठवलं तेव्हा पितांबरीच्या हातांनी तशीच खाली बसले.

दोन मिनिटं लागली. फार तर तीन.

आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर रात्रभर जप करणारी ती मीच ना? पहाटे अंघोळीपुरती घरी आले तेव्हा बांधला होता हा. (आजी सव्वा रुपया बांधायची. चार आणे २०११ पासून बंद, देवाने समजून घ्यावं.) यांना त्यांच्या पायांनी पर्वतीवर आणीन, एवढंच बोलले होते. कोणाला सांगितलं नव्हतं.

मग घरी आल्यावर पथ्य, गोळ्या, क्लेमचे कागद. डॉक्टरांना पेढे, सिस्टरांना पेढे, सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा पेढे. देव तेवढा राहिला. मला तरी कोण आठवण करणार होतं? येणारा-जाणारा यांची चौकशी करायचा. ‘तू जेवलीस का गं’ असं एकाने जरी विचारलं असतं... जाऊ दे. पण हे कारण नव्हे. मागताना एकेक मिनिट मोजलं होतं मी, आणि नंतर सात महिने साफ विसरले.

आज रविवार, सहालाच निघालो. हे पायऱ्या मोजत पुढे, मी धापा टाकत मागे. बायपास यांची आणि दर वळणावर थांबणार मी! “बस जरा, चेहरा बघ कसा झालाय,” हे यांनी मला सांगावं. हसूच आलं.

काशीबाईंच्या पायाला इथे उतार पडला म्हणून नानासाहेबांनी १७४९ साली हे देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं, असं सांगतात. आईचं दुखणं बरं झालं तर मुलाने टेकडीवर देऊळ उभं केलं, आणि माझ्याच्याने इथवर यायला रुमाल सापडावा लागला. त्याच नानासाहेबांनी पानिपतानंतर, १७६१ मध्ये, इथेच प्राण सोडला. म्हणजे देवाने एकदा ऐकलं तरी... नको, आज तो विचार नको.

पिंडीसमोर उभी राहिले तर काय बोलावं सुचेना. मागायचं असलं की बरं भरभर सुचतं.

पेटीपाशी यांना सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, “रुपयात भागवलंस?”

“अहो, ती नुसती खूण! नवस चढण्याचा होता.”

आणि गाठ सुटेना. नखं लावली, केसातली पिन लावली. त्या पहाटे किती करकचून आवळली होती कोण जाणे. मागे माणसं खोळंबलेली. शेवटी यांनी रुमाल हातातून घेतला, दात लावले, सोडवली.

“अहो, देवाचा रुपया उष्टा केलात!”

“रुपया कुठे? रुमाल उष्टा झाला,” म्हणाले आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला.