अझीझियातल्या भरलेल्या बादल्या

लातूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी शिक्षिका आहे. हज यात्रेकरूंच्या सेवेसाठी सरकारी कर्मचाऱ्यांमधून सेवक निवडले जातात; त्यांना पूर्वी खादिम म्हणत. त्यात माझी निवड झाली आणि मेहरमशिवाय, म्हणजे घरातील पुरुष नातेवाइकाशिवाय, आलेल्या महिलांची जबाबदारी माझ्याकडे आली. 2018 पासून 45 वर्षांवरील महिलांना असे जाता येऊ लागले आणि माझ्या गटात लातूर, बीड, धाराशिवच्या खेड्यांतील विधवा, एकट्या राहणाऱ्या, आयुष्यभर शेतमजुरी केलेल्या बायका होत्या. चुकलेल्यांना शोधणे, औषधांच्या वेळा पाळणे, हरमला, म्हणजे काबा असलेल्या मोठ्या मशिदीला, जाणाऱ्या बसमध्ये सर्वांना बसवून देणे, असे आमचे काम असते.

मक्केच्या अझीझिया भागात, जिथे भारतीय यात्रेकरूंचा मुक्काम असतो, आमच्या इमारतीतील पाणी एका सकाळी गेले. तळातली टाकी कोरडी पडली होती आणि टँकर दुपारनंतर येईल असे सांगण्यात आले. मक्केला नदी नाही. शहराला लागणारे बरेचसे पाणी तांबड्या समुद्राकाठी गोडे करून नळांनी वर चढवले जाते, त्यामुळे वाटेत कुठेही खोळंबा झाला की घराघरांत तो जाणवतो. बाहेर ऊन भाजत होते, जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज जवळ येत होती, वुजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाणी नव्हते. पाणी नसल्यास तयम्मुमची, म्हणजे कोरड्या मातीने शुद्ध होण्याची, सवलत आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पण शौचालयांचे काय करायचे? जिन्यात माणसे जमली, आवाज चढले, आणि त्यांचा संताप मला अगदी रास्त वाटत होता.

आमच्या बायकांचे काय झाले असेल, या काळजीने मी वर गेले. बीड जिल्ह्यातील केजकडच्या एका खालांच्या (मावशींच्या) खोलीत पाऊल टाकले आणि न्हाणीघराच्या दारात थांबले. दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यांवर ताटे झाकलेली होती. भिंतीलगत पाण्याच्या रिकाम्या झालेल्या बाटल्या पुन्हा भरून, झाकणे घट्ट लावून ओळीने उभ्या केल्या होत्या. जेवणाचा स्टीलचा डबासुद्धा त्यांनी रिकामा ठेवला नव्हता. शेजारच्या खोल्यांतही हेच होते. मुक्कामाला आल्या रात्रीपासून कोणी न सांगता हे चालले होते आणि मी रोज त्यांच्याकडे जात असूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

“पानी दिसलं की भरून ठिवायचं, बाई,” खाला म्हणाल्या. “उद्याचं अल्लाला माहीत.”

त्यांनी स्वतःहून चार बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि वरच्या मजल्यावरच्या आजारी म्हातारीकडे पाठवल्या. मग वुजूसाठी खोल्याखोल्यांतून माणसे येऊ लागली, तेव्हा खाला मगाने मोजून पाणी देऊ लागल्या. पैगंबर साहेब एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आत-बाहेर पाण्यात वुजू करीत, हे मी पुस्तकात वाचले होते. खालांनी ते एका मगात, शेवटी दोन घोट उरतील अशा बेताने करून दाखवले आणि उरलेले पाणी कपडे धुण्यासाठी बाजूला ठेवले. दर मग देताना त्या ‘अल्हम्दुलिल्लाह’, म्हणजे अल्लाचे आभार, म्हणत होत्या. मी ते रोज ऐकते, स्वतःही म्हणते, पण त्या दिवशी त्यामागे काय काय असते ते मला कळले.

ज्या भागातून या बायका आल्या होत्या तिथे 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिली गाडी एप्रिलमध्ये 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या वर्षी खाला पहाटे तीनला उठून रांगेत घागर ठेवत असत. पाचशे फुटांखाली गेले तरी बोअरमधून धूळच निघायची. मक्केतील पवित्र झमझमची विहीर सुमारे 30 मीटर, म्हणजे शंभर फूट खोल आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या घालताना या बायकांनी चाकाची खुर्ची नाकारली होती, त्याचे कारणही मला आता उमगले. हजरत इब्राहिम यांच्या पत्नी हाजरा बीबी तान्ह्या बाळासाठी पाण्याच्या शोधात याच दोन टेकड्यांमधून धावल्या होत्या, आणि एवढे अंतर पाण्यासाठी चालणे म्हणजे काय हे या बायकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर टँकर आला. खालांनी आधी बादल्या भरल्या आणि नंतरच त्या आंघोळीला गेल्या. रात्री त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवले. परतताना प्रत्येकीला 5 लिटर झमझम मिळते, त्यातून गावात कोणाकोणाला पोचवायचे याची यादी त्यांना करायची होती. घोटभर झमझम साध्या पाण्यात मिसळून वाटण्याची आपल्याकडे रीतच आहे. पहिले नाव त्यांनी गावच्या पाटलांच्या घरचे सांगितले, कारण दुष्काळात त्यांच्या बोअरवर या बायकांना कधी कोणी अडवले नव्हते. दुसरे नाव टँकर चालवणाऱ्या पोराचे होते. यादी पाठपोट भरली, तेव्हा मी दुसरा कागद घेतला.